खडीसाखर आणि मुतखडा

दोऱ्यावर वाढलेली खडीसाखर तुम्ही पाहिली असेल. साखरेचा दाट पाक करायचा, त्यात दोरा सोडायचा आणि भांडं न हलवता ठेवून द्यायचं. पाक निवत जातो तशी त्यात न मावणारी साखर दोऱ्याला धरून जमू लागते. मुतखडा बराचसा असाच तयार होतो. लघवीत कॅल्शियम, ऑक्झॅलेट, फॉस्फेट, युरिक आम्ल असं बरंच काही विरघळलेलं असतं. पाणी कमी पडलं की ते विरघळून राहत नाही, त्याचे स्फटिक होतात. दोरासुद्धा तिथे असतो. मूत्रपिंडात जिथून लघवी ठिबकते, त्या टोकांवर अनेकांना कॅल्शियम फॉस्फेटचे पांढरट चट्टे असतात. अलेक्झांडर रँडल या अमेरिकी डॉक्टरांनी ते १९३०च्या दशकात दाखवून दिले. बरेच खडे या चट्ट्यांना धरूनच वाढतात.

मूत्रपिंडात बसलेला खडा वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो मूत्रवाहिनीत उतरला की कळ सुरू होते. ही नळी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. खड्याने वाट अडली की मागे लघवी तुंबते, दाब वाढतो, मूत्रपिंड ताणलं जातं. कमरेपासून जांघेपर्यंत उतरणारी ती कळ माणसाला एका जागी बसू देत नाही, पडू देत नाही.

निदान झालं की घरातलं पहिलं फर्मान ठरलेलं असतं : दूध बंद. खडा कॅल्शियमचा, दुधात कॅल्शियम, मग दूध वाईट. हिशोब सरळ वाटतो, पण तो चुकीचा आहे आणि त्यापायी कित्येकांची हाडं विनाकारण झिजतात याचं मला फार वाईट वाटतं. सगळ्यांत जास्त आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. दूध-दही तोडलं की मोकळं राहिलेलं ऑक्झॅलेट रक्तात शिरतं आणि लघवीत उतरतं. इटलीतल्या पार्मा इथे पुन्हापुन्हा खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी, असा आहार घेणाऱ्या ६० जणांत १२ जणांना. याचं श्रेय एकट्या कॅल्शियमला देता येणार नाही, पण दूध तोडण्याचा सल्ला मात्र इथे टिकत नाही. पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं. त्याची पातळ भाजी ताक घालून करण्याची आपली रीत या दृष्टीने चांगलीच म्हणायची. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

टोमॅटोच्या बियांचा खडा होत नाही. टोमॅटोत ऑक्झॅलेटही फारसं नसतं. त्यापेक्षा लोणचं, पापड, फरसाण यांच्याकडे पाहा. शरीर जादा मीठ लघवीवाटे टाकतं, तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही जास्त जातं.

पाणी किती प्यावं, यापेक्षा लघवी किती होते हे मोजावं. खडा होऊन गेलेल्याला दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी व्हायला हवी. एसीत बसणाऱ्याला तीन लिटर पाणी पुरेल. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात राबणाऱ्याचं तेवढं पाणी घामातच जातं. उसाच्या फडात किंवा बाजारात दिवस काढणाऱ्या बाया तर आडोसा नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. त्यांना ‘पाणी जास्त प्या’ सांगून भागत नाही, आधी स्वच्छतागृह हवं. लिंबूपाणी चांगलं, कारण लिंबातलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं; फक्त त्यात मीठ-साखर बेताचं असावं. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

कळ चालू असताना मात्र तांब्यामागून तांब्या पाणी ढोसून खडा ढकलला जात नाही. तेव्हा वेदनाशामक औषध लागतं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. मोठ्यांसाठी बाहेरून धक्कालहरी देऊन फोडणं किंवा दुर्बिणीतून लेझर वापरणं, असे उपाय आहेत. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर सकाळची वाट पाहू नका. तुंबलेल्या लघवीत जंतू शिरले की जिवावर बेतू शकतं.

कुळथाच्या कढणाने पोटात पाणी जातं, ते चांगलंच; पण कॅल्शियम ऑक्झॅलेटचा तयार खडा विरघळवणारं औषध अजून नाही. युरिक आम्लाचा खडा मात्र विरघळू शकतो, कारण पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीची आम्लता कमी करता येते. म्हणून खडा कशाचा आहे हे कळणं फार मोलाचं. कळ येऊन गेल्यावर काही दिवस लघवी बारीक गाळणीतून गाळा. मोहरीएवढा का होईना, खडा सापडला तर धुऊन, कोरडा करून डबीत ठेवा आणि तपासणीला द्या.