पेट्रोल पंपाचा अर्ज: जमीन घरची असूनही अर्ज बाद का होतो?

तेल कंपनीची पंपाची जाहिरात आली की कराड, विटा, फलटण, मिरज भागातले पुष्कळ अर्जदार सातबारा काढतात आणि जमिनीचं काम झालं असं समजतात. मग सोडतीत नाव निघतं, दहा दिवसांत अनामतीचे दहा टक्के भरले जातात आणि कागद तपासताना अर्ज बाद होतो. पैसे अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून फक्त जमिनीबद्दल लिहितो. बाकीच्या अटी सोप्या आहेत: दहावी पास, वय २१ ते ६०, अर्ज ऑनलाइन.

जमिनीवरून तीन गट पडतात. जमीन मालकीची किंवा दीर्घ भाडेपट्ट्याची (साधारण १९ वर्षं ११ महिने) असेल तर गट १. मालकाने विकायची किंवा भाड्याने द्यायची पक्की तयारी लेखी दिली असेल तर गट २. जमीनच नसेल तर गट ३. गट १ मध्ये पात्र माणूस मिळाला की पुढच्या गटांकडे कोणी पाहत नाही, म्हणून सगळे गट १ वर खूण करतात. चूक तिथेच होते.

'घरची जमीन' म्हणजे कोणाची, हे माहितीपुस्तिकेत ठरलेलं आहे. नवरा-बायको, आईवडील, भाऊ-बहीण, मुलं, सून-जावई, सासू-सासरे, दोन्हीकडचे आजी-आजोबा. या यादीत चुलता नाही, चुलतभाऊही नाही. आपल्याकडे तर निम्म्या जमिनी चुलत्यांबरोबर सामाईक, सातबाऱ्यावर ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव, आणि वाटणी तोंडी झालेली. तोंडी वाटणी तुमच्या भावकीला मान्य असेल, पण कंपनीला कागद लागतो. सामाईक जमीन चालते, मात्र तुमच्या हिश्श्यातच जाहिरातीतलं फ्रंटेज (रस्त्याकडची रुंदी) आणि खोली (रस्त्यापासून आतली लांबी) बसली पाहिजे आणि बाकीच्या सहहिस्सेदारांचं नोटरी केलेलं ना-हरकत प्रतिज्ञापत्र पाहिजे.

आजोबा वारले आणि वारसनोंद राहिली असेल तर जरा थांबा. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे. आत्या किंवा बहिणीने हक्क सोडला असेल तर ते हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हवं. स्टँपवर सही घेऊन नोटरी केलेला कागद इथे उपयोगाचा नाही. भाडेपट्ट्याचंही तसंच. एका वर्षावरचा पट्टा नोंदणीशिवाय चालत नाही. पोट-भाड्याने द्यायचा हक्क करारात लिहून घ्या, कारण जागा पुढे कंपनीच्या ताब्यात द्यावी लागते.

तारखेचा घोळ सगळ्यात जास्त. जाहिरातीची शेवटची तारीख महिनाभर पुढे असली तरी जमिनीचा हक्क तुम्ही अर्ज भरला त्या दिवशी तुमच्याकडे हवा. सोमवारी अर्ज आणि गुरुवारी खरेदीखत झालं, की गट १ गेला. फक्त साठेखत (पुढे विकण्याचा करार) झालं असेल तर गट २ लिहा, त्यात कमीपणा नाही.

खरेदीखत नोंदलंय पण फेरफार अडकलाय, असं असेल तर घाबरू नका. मालकी नोंदणीकृत दस्ताने येते, फेरफार ही महसुली नोंद. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते, पण नोंद मंजूर व्हायला महिने जातात आणि त्याची किंमत अर्जदार मोजतो. हे पटण्यासारखं नाही. जमिनीच्या हक्काबद्दल कंपनीला द्यायच्या वकिलाच्या पत्रात दस्ताचा क्रमांक आणि तारीख स्पष्ट येऊ द्या. भोगवटादार वर्ग २ च्या (सरकारने अटी घालून दिलेल्या) जमिनीवर मात्र परवानगीशिवाय आशा ठेवू नका. पुनर्वसनाच्या जमिनीवर तर कोयनाकाठची अनेक घरं अशी अडकली आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते.

बिगरशेती, स्फोटक खात्याचा परवाना, जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला ही सगळी कामं निवडीनंतरची आहेत, आत्ता त्यांच्यामागे धावू नका.

तरीही अर्ज बाद झाला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका, लेखी कारण मागा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे, सातारा-सांगलीकरांना रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. पण न्यायालय पुस्तिकेतली अट तुमच्यासाठी सैल करत नाही, चुकलेली तारीख तिथेही दुरुस्त होत नाही. कंपनीने पत्रात दिलेल्या कारणापलीकडे नवं कारण पुढे केलं, किंवा नोंदणीकृत दस्त असूनही फक्त सातबाऱ्यावर बोट ठेवलं, तर मात्र तुमच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे.