आईला युरोप दाखवायचंय: जर्मनीत शिकणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाची तयारी कशी करावी

जर्मनीत शिकायला आलं, पहिला हिवाळा सरला की मनात येतं, एकदा आईला इकडे आणू. आपली खोली, कॉलेज दाखवू, मग प्राग, व्हिएन्ना, जमलं तर पॅरिस. तिकिटं शोधायला आपण लगेच बसतो. त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. अर्ज आईचा असतो, आपला नाही. आपलं पत्र त्याला जोड देतं, पण तो उभा राहतो तो आईच्या पैशांवर, तिच्या कागदांवर आणि ती परत जाणार याच्या पुराव्यांवर. माझ्या आईचा अर्ज भरताना हे मला उशिरा कळलं, म्हणून आधी सांगते.

फिरायला किंवा मुलांना भेटायला येणाऱ्यांसाठी शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्पमुदतीचा व्हिसा असतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. २०२५ च्या सुरुवातीला बल्गेरिया आणि रोमानिया पूर्णपणे सामील झाल्यापासून या क्षेत्रात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड त्यात आहे. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. मध्येच दोन दिवस लंडनला जायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. शिवाय आईचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर लंडनहून परत येता येणार नाही.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे मुक्कामाच्या रात्री मोजून ठरतं. समजा आई तुमच्याकडे ८ रात्री, प्रागला ३, व्हिएन्नाला ३ आणि पॅरिसला ४ रात्री राहणार आहे, तर अर्ज जर्मनीकडे. मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. म्हणून आधी कागदावर रात्री मांडा, बाकी सगळं त्यानंतर. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो ऐकू नका. मुक्काम एका देशात आणि अर्ज दुसऱ्याकडे हे अधिकाऱ्याला पहिल्याच पानावर दिसतं.

प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण कागद जास्त तपासायचे ठरले तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. मे-जूनमध्ये आणायचं असेल तर संक्रांतीनंतर लगेच तयारीला लागा. जर्मनीचे अर्ज मुंबई आणि पुण्यातल्या व्हीएफएस (दूतावासांच्या वतीने व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) केंद्रांवरही घेतले जातात. बोटांचे ठसे द्यायला आईला स्वतः जावं लागतं. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. शुल्क ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू असलेला. त्याबरोबर फॉर्म, फोटो, विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि बँकेच्या शिक्क्यासह किमान ३ महिन्यांचं स्टेटमेंट. अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका, त्याने शंका वाढते.

आई नोकरीत असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, निवृत्त असेल तर पेन्शनचे कागद. गृहिणी असेल तर खर्च बाबा करणार असल्याचं पत्र, त्यांची आयकर विवरणपत्रं आणि विवाह नोंदणीचा दाखला. शेती असेल तर सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडा. घर, जमीन, घरी वाट पाहणारी माणसं, हे सगळं ती परत जाणार याचेच पुरावे आहेत.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच काय, कित्येकदा पहिलं नावही बदललेलं असतं. तुमच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव, तिच्या पासपोर्टवर दुसरं, आणि तुमच्या पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. ही तिची चूक नाही, पण तुम्ही तिचीच मुलगी किंवा मुलगा आहात हे कागदांवरून जुळलं पाहिजे. विवाह दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर ते, आणि इंग्रजीतला जन्मदाखला लावा. जन्मदाखला जुना आणि फक्त मराठीत असेल तर महानगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नवा मागवा. यात वेळ जातो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

तुमच्याकडून लागतं ते निमंत्रणपत्र, पासपोर्ट आणि रेसिडन्स परमिटची प्रत, विद्यापीठाचा प्रवेशाचा दाखला, पत्ता नोंदवल्याचं प्रमाणपत्र आणि भाडेकरार. आई तुमच्याच खोलीत राहणार असेल तर घरमालकाची किंवा हॉस्टेलची परवानगी आधी घ्या. आईचा खर्च तुम्ही करणार असाल तर परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे तिच्या खर्चाचं रीतसर हमीपत्र द्यावं लागतं. त्याचं शुल्क २९ युरो. पण त्यासाठी नियमित उत्पन्न दाखवावं लागतं, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधले (विद्यार्थी व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले, दरमहा ठरावीकच काढता येणारे) पैसे तुमच्या स्वतःच्या जगण्यासाठी धरलेले असतात. त्यामुळे अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याने त्या फंदात न पडता खर्च आईबाबांच्या नावावर दाखवणं बरं.

व्हिसा नाकारला तर कारण लेखी मिळतं. जर्मनीकडे फेरविचाराची विनंती करायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. उरतो बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाचा मार्ग किंवा नवा अर्ज. कारण नीट वाचून, तो कागद दुरुस्त करून नवा अर्ज केलेला बरा.

व्हिसा हातात आला की दोन आकडे वाचा: तारखा आणि मुक्कामाचे दिवस. तारखांमध्ये बहुतेक वेळा १५ दिवस जास्तीचे असतात, पण राहायचं मात्र लिहिलेल्या दिवसांइतकंच.

प्रागहून ड्रेस्डेनला येणाऱ्या गाडीत पोलीस कागद बघू शकतात, कारण जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. आईचा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये, तुमचा पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड तुमच्याकडे. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

आणि बॅग भरताना आईला आवर्जून सांगा: पेढे, खवा, तूप आणू नकोस. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. आंबा आणि कढीपत्ताही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही. गोडा मसाला आणि मेतकूट आणता येतं.