सॅल्मन नदीचा उसना मासा

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या ऑल्टमार या खेड्यात पहाटे पाचला पोचलं, तर नदीच्या आधी दिवे दिसतात. माणसांच्या कपाळांना बांधलेले. छातीपर्यंत रबरी वेडर चढवून दोन्ही काठांवर माणसं रांगेनं उभी असतात आणि कुणाचाच गळ पाण्यात नसतो. सूर्योदयाला अर्धा तास उरेपर्यंत गळ टाकायला इथं कायद्यानं बंदी आहे. पण जागा धरून उभं राहायला बंदी नाही, म्हणून लोक जागा धरतात. थर्मासातली कॉफी संपते, बोटं गारठतात, आणि मग कुणीतरी घड्याळ पाहून पहिला गळ टाकतो.

थोड्याच वेळात आरोळी येते, ‘फिश ऑन!’ शेजारचे चार-पाच जण मुकाट्यानं आपापल्या दोऱ्या गुंडाळतात, कारण दहा किलोंचा चिनूक सॅल्मन प्रवाहाच्या दिशेनं सुटला की तो कुणाच्याही दोरीची पर्वा करत नाही. ज्याला लागला तो गोट्यांवरून धडपडत त्याच्यामागे धावतो. दर दोन माशांमागे एक तरी सुटतो. हे माझं ढोबळ निरीक्षण, सरकारी आकडा नव्हे.

नदीचं नाव सॅल्मन रिव्हर. लाइटहाउस हिल धरणापासून ऑन्टारिओ सरोवरापर्यंत जेमतेम सत्तावीस किलोमीटरचा हा पट्टा. मधलं मोठं गाव पुलास्की. नाव पोलिश सेनानी काझिमिर पुलास्कीचं, पण गावकरी त्याला ‘पुलास्काय’ म्हणतात आणि कुणी बरोबर उच्चारलं की हा बाहेरचा हे लगेच ओळखतात. गंमत अशी की ज्याच्यासाठी एवढी गर्दी, तो मासाही बाहेरचाच. चिनूक, कोहो आणि स्टीलहेड हे तिन्ही पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याचे. नदीला जे नाव पडलं ते वेगळ्याच माशावरून.

माशांच्या नावांचा असा घोळ आपल्याला नवा नाही. आपल्या रावसाला इंग्रजांनी ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून ठेवलं आणि हॉटेलांच्या मेनूकार्डांवर ते अजून आहे. रावसाचा सॅल्मनशी काही संबंध नाही. पहिल्या पावसात ओढ्याच्या उलट दिशेनं शेतात शिरणारे वलगणीचे मासे ज्यांनी टोपलीनं पकडलेत, त्यांना मात्र सॅल्मनचं चढणं समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की चिनूक तीन-चार वर्षं मोठ्या पाण्यात वाढतो, लहानपणी नाकात साठलेल्या वासाच्या आधारे आपल्याच नदीत परततो, अंडी घालतो आणि तिथंच मरतो. नदीत शिरल्यावर तो खाणंही सोडतो. मग गळ का तोंडात घेतो, यावर काठावर जितकी डोकी तितकी मतं.

मूळचा मासा होता अटलांटिक सॅल्मन. ऑन्टारिओ सरोवरात तो कुणी आणून सोडला नव्हता. ओनोंडागा आणि ओनायडा हे इथले मूळ रहिवासी तो शेकडो वर्षं धरत होते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मशालींच्या उजेडात भाले मारून तो पिंपांनी भरला. पण खरा घात केला तो गिरण्यांनी. प्रत्येक ओढ्यावर पिठाच्या आणि लाकडाच्या गिरणीसाठी बंधारा उभा राहिला आणि मासा चढेना. भुशानं अंड्यांची वाळू-खडी झाकली गेली. जंगल तुटलं तसं पाणी तापलं. पलीकडच्या कॅनडाच्या काठावर सॅम्युएल विल्मटनं 1866च्या सुमारास न्यूकॅसलला स्वतःच्या ओढ्यावर मत्स्यबीज केंद्र काढलं, अंडी उबवली, पिल्लं सोडली. उत्तर अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी ते एक. उपयोग झाला नाही. एकोणिसावं शतक संपता संपता सरोवरातला अटलांटिक सॅल्मन संपला. नदीचं नाव तेवढं राहिलं.

पुढची साठेक वर्षं ऑन्टारिओ, ईरी, ह्यूरन, मिशिगन या सगळ्या महासरोवरांची कथा म्हणजे चोरवाटांनी आलेल्या पाहुण्यांची कथा. ऑन्टारिओ आणि वरची सरोवरं यांच्यामध्ये नायगाराचा धबधबा ही नैसर्गिक भिंत होती. तिला वळसा घालायला वेलँड कालवा खोदला, तो 1829 साली सुरू झाला. 1919मध्ये तो आणखी सुधारला आणि दोन वर्षांत ईरी सरोवरात समुद्री लॅम्प्री सापडला. जबडा नसलेला, बामासारखा लांबट, जळवेसारखा चिकटून माशाचं रक्त पिणारा हा प्राणी 1936मध्ये मिशिगन सरोवरात पोचला. तिथला लेक ट्राउट हा मोठा शिकारी मासा आधीच जाळ्यांनी विरळ केला होता. उरलेला लॅम्प्रीनं संपवला. आणि शिकारी गेल्यावर एलवाइफचं रान मोकळं झालं. आपल्या तारलीच्या गोतातला हा वीतभर चंदेरी मासा 1949 साली मिशिगन सरोवरात दिसला आणि साठच्या दशकात सरोवरातल्या एकूण माशांच्या वजनात बहुतांश वाटा त्याचाच झाला. 1967च्या उन्हाळ्यात तो इतका मेला की शिकागोच्या चौपाट्यांवरून मेलेल्या माशांचे ढीग यंत्रांनी उचलावे लागले. दर्याकाठी राहणाऱ्यालाही सहन होणार नाही असा तो वास होता, असं त्या काळचे लोक सांगतात.

लॅम्प्रीवर उपाय आधी सापडला. ह्यूरन सरोवराकाठच्या प्रयोगशाळेत व्हर्नन ॲपलगेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो रसायनं एकेक करून तपासली, आणि 1958मध्ये टीएफएम हे लॅम्प्रीची ओढ्यातली पिल्लं मारणारं रसायन पहिल्यांदा वापरलं. एलवाइफचं काय करायचं हा प्रश्न मात्र उरला.

त्याचं उत्तर हॉवर्ड टॅनरनं दिलं. 1964मध्ये तो मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचा प्रमुख झाला. ओरेगनमध्ये त्या वर्षी कोहोची अंडी गरजेपेक्षा जास्त आहेत असं कळल्यावर त्यानं ती मागवली, वाढवली आणि 1966च्या वसंतात प्लॅट नदीत आणि बेअर क्रीकमध्ये सोडली. सरोवरात खायला एलवाइफ ढिगानं, खाणारा कुणी नाही. मग खाणारा आणू आणि तोही असा की ज्याच्यासाठी माणूस सुट्टी टाकून येईल. 1870च्या दशकात पूर्वेकडच्या लोकांनी चिनूक आणून पाहिला होता आणि तो रुजला नव्हता, तेव्हा हा डाव धाडसीच होता. 1967च्या शरदात मोठाले कोहो परतले आणि छोट्या गावांत गाड्यांची रीघ लागली. त्याच सप्टेंबरच्या 23 तारखेला सरोवरात वादळ झालं. किरकोळ होड्या घेऊन आत गेलेल्यांपैकी सात जण बुडाले. माशाचं वेड किती होतं याचा हा एक पुरावा.

न्यूयॉर्कनं मिशिगनचं पाहून 1968मध्ये कोहो आणि पुढच्या वर्षी चिनूक सोडला, आणि सॅल्मन नदीच्या काठावरची आजची गर्दी तिथून सुरू झाली. 1980मध्ये ऑल्टमारला राज्याचं मत्स्यबीज केंद्र उघडलं. बीव्हरडॅम ब्रूक या ओढ्यातून मासे पायऱ्यांच्या जिन्यानं थेट केंद्रात चढतात. तिथं अंडी काढून घेतात, उबवतात आणि वसंतात बोटुकली सोडतात. याच नदीतून 1989मध्ये 33 पौंड 4 औंसांचा, म्हणजे पंधरा किलोंचा कोहो निघाला. त्या वेळचा तो जागतिक विक्रम. 1991च्या राज्यविक्रमी चिनूकचं वजन 47 पौंड 13 औंस, जवळजवळ बावीस किलो.

पण सुरुवातीची वर्षं शोभेची नव्हती. मासा नदीत खात नाही आणि शेवटी मरणारच, मग तोंडात गळ अडकण्याची वाट कशाला पाहायची, असं म्हणून ‘स्नॅगिंग’ला परवानगी दिली गेली. शिसं भरलेला तीनतोंडी गळ फेकायचा आणि जोरानं हिसडायचा. मासा पाठीत, पोटात, शेपटीत कुठंही फाटेल. गावात पैसा आला, काठावर मारामाऱ्या आल्या, गाबोळी काढून फेकलेल्या माशांच्या राशी आल्या. ही रीत 1995पर्यंत पूर्ण बंद व्हायला बराच वाद व्हावा लागला. दुकानदार म्हणत होते, गिऱ्हाईक जाईल. गेलं नाही. आज त्याच काठावर लोक गाबोळीचे दाणे जाळीच्या तुकड्यात बांधून, वाटाण्याएवढी पुरचुंडी करून गळाला लावतात आणि तळाच्या गोट्यांवरून वाहू देतात.

विषाचा धडाही याच काळातला. मिशिगन सरोवरातल्या कोहोमध्ये 1969मध्ये इतकं डीडीटी निघालं की मासा बाजारातून जप्त झाला आणि त्या राज्यानं त्याच वर्षी डीडीटीच्या विक्रीवर बंदी घातली. 1974मध्ये ऑन्टारिओ सरोवरात मायरेक्स सापडलं. मुंग्या मारायचं हे कीटकनाशक नायगारा भागातल्या कारखान्यातून पाण्यात आलं होतं. काही काळ तर मासे जवळ बाळगायलाच बंदी होती. नियम नंतर सैल झाले, पण किती आणि कोणी खावा याची सूचना राज्य अजून काढतं. शिकारी मासा चरबीत विष साठवतो. जितका मोठा, तितका साठा जास्त.

काठ कुणाचा, हा प्रश्न मला सगळ्यांत रंजक वाटतो. राज्य 1935पासून ओढ्यांकाठच्या जमीनमालकांकडून मासेमारीपुरता हक्क विकत घेतं. साधारण काठापासून 33 फूट. जमीन मालकाचीच, पण गळवाल्यानं चालायचं. या नदीवर असे सुमारे एकोणीस किलोमीटर आहेत आणि म्हणून सामान्य माणूस होडी नसताना इथं उभा राहू शकतो. मुखाजवळचा चारेक किलोमीटरचा पट्टा मात्र डग्लस्टन या खाजगी मिळकतीत येतो. तिथं पैसे घेऊन माणसं सोडायला लागल्यावर मार्गदर्शक होडीवाले भांडले की नौकानयनाची नदी सर्वांची. 1997मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. होडी घेऊन जा, अडवणार नाही. पण तळ मालकाचा आणि म्हणून मासाही त्याच्याच परवानगीनं. आधार होता अठराव्या शतकाच्या अखेरच्या जमिनीच्या सनदेचा. सनद दिली तेव्हा त्या नदीत अटलांटिक सॅल्मन होता. चिनूक तिथं यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

पाण्याचाही हिशेब आहे. वरच्या धरणांवर वीज तयार होते आणि पूर्वी विजेची मागणी नसली की नदी कोरडी पडायची, मागणी वाढली की पूर. 1996च्या नव्या परवान्यात किमान प्रवाह ठरला. सप्टेंबर ते डिसेंबर सेकंदाला 335 घनफूट, म्हणजे साडेनऊ हजार लिटरच्या आसपास. त्यानंतर घडलं ते केंद्रवाल्यांनाही अनपेक्षित होतं. चिनूक नदीतच लाखोंनी वाढू लागला. 2008पासून चार वर्षं केंद्रातल्या प्रत्येक बोटुकलीचा पाठीवरचा छोटा चरबीचा पर यंत्रानं कापला. मग सरोवरातले मोठे मासे तपासल्यावर जवळपास निम्म्यांना तो पर शाबूत निघाला. म्हणजे निम्मे मासे कुणी सोडलेले नव्हते, याच नद्यांच्या गोट्यांत जन्मलेले होते.

स्टीलहेडची गोष्ट जरा निराळी. चिनूकच्या मागोमाग तो अंडी खायला येतो आणि हिवाळाभर नदीत थांबतो. जवळच्या टग हिल पठारावर सरोवरावरच्या वाऱ्यानं आणलेलं बर्फ कोसळत असतं, दोरीच्या कड्यांत बर्फ धरतं, तरी त्याच्यासाठी येणारे वेगळेच असतात. तो वसंतात अंडी घालून जगतो आणि सरोवरात परत जातो. 2014च्या नोव्हेंबरात मात्र तो वेड्यासारखा पृष्ठभागावर गिरक्या घेत मरू लागला. तपासात बी-1 जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. एलवाइफमध्ये ते जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. ज्याला संपवायला मासे आणले, त्याच्यावरच ते जगतात आणि त्याच्यामुळेच दुबळे होतात.

आणि आता उलट चिंता. ह्यूरनमध्ये 2003-04च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्यापाठोपाठ चिनूकही. ऑन्टारिओत 2013 आणि 2014मध्ये एलवाइफची पिल्लं कमी जगली, तेव्हा न्यूयॉर्कनं 2017पासून चिनूकची सोडणी वीस टक्क्यांनी घटवली. 1967मध्ये ज्या माशाचा चौपाट्यांवर वास सुटला होता, त्याच्या नोंदी आता जपून ठेवल्या जातात.

या सगळ्यात 2009ची एक छोटी नोंद आहे. सॅल्मन नदीत पाहणी करणाऱ्यांच्या जाळीत बोटाएवढी, अंगावर ठिपके असलेली काही पिल्लं आली. ती चिनूकची नव्हती, कोहोचीही नाही. अटलांटिक सॅल्मनची होती, आणि केंद्रातून सोडलेली नव्हती. शंभराहून जास्त वर्षांनी तो मासा त्याच्या नावाच्या नदीत जन्मला होता.