पट्टीतला धर्मादा ते स्थानिक निधी : सोलापूरच्या दानाची पार्श्वभूमी

सोलापुरात चार पैसे गाठीला असलेल्या माणसाने ते समाजासाठी लावून द्यायचे म्हटले, की वाटा ठरलेल्या असतात. ज्ञातीच्या संस्थेला द्यायचे, शाळेत आईवडिलांच्या नावाने ठेव ठेवून बक्षीस लावायचे, अन्नछत्रात एखादी तिथी धरायची. रक्कम फारच मोठी असेल तर स्वतःचा ट्रस्ट काढायचा. यात आणखी एक वाट येऊ पाहते आहे, ती स्थानिक प्रतिष्ठानाची. एका शहराच्या किंवा जिल्ह्याच्या गरजांसाठी अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवायच्या, गुंतवायच्या आणि त्या कुठे, कशा, किती वर्षं द्यायच्या हे दात्याबरोबर बसून ठरवायचं, असं तिचं स्वरूप. कोणी तिला परदेशी खूळ म्हणतं, कोणी अगदी नवा शोध. गावातल्या जुन्या वह्या चाळल्या तर दोन्ही म्हणणी टिकत नाहीत.

फार मागे जायचं कारण नाही. बाराव्या शतकातल्या ज्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या नावाने संक्रांतीला नंदीध्वज निघतात, त्यांनी तळं खोदवून घेतलं ही गोष्ट इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. त्या परंपरेतला ‘दासोह’ हा कानडी शब्द शहराच्या जिभेवर अजून आहे. मिळवलेलं आपलं नव्हतंच, ते परत जातंय, असा त्याचा भाव. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा जरा अवघड आहे. दुष्काळात कोठार उघडलं ते अधिकाऱ्याने, धान्य बादशहाचं आणि भरपाई करणारा विठ्ठल तिसराच! देणारा नेमका कोण, हा पेच तेव्हापासूनचा म्हणायचा. मराठेशाहीच्या दफ्तरात ‘धर्मादाव’, ‘वर्षासन’, ‘रोजीना’ अशा दानाच्या बाबी भेटतात. देवस्थान इनामांच्या जमिनींचे दावे त्यातूनच आले, पण तो विषय वेगळा.

खरी गुंतागुंत सुरू होते ती ‘धर्मादा’ या शब्दापासून, म्हणजे व्यवहारात दानधर्मासाठी म्हणून वेगळ्या घेतलेल्या रकमेपासून.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली. कापूस, सूत आणि भुसार मालाची उलाढाल वाढली, तसा व्यापाराच्या कागदांवर धर्मादा पक्का झाला. तो दोन बाजूंनी घेतला जाई. माल विकताना बिलात गाठीमागे किंवा गठ्ठ्यामागे काही पैसे वर लावायचे, ते गिऱ्हाइकाकडून येत. शेतकऱ्याचा माल आडतीवर आला तर पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, आडत, हमाली, तोलाई यांच्याबरोबर धर्मादाही कापायचा. २०२३ च्या फेब्रुवारीत ५१२ किलो कांदा विकून हाती जेमतेम दोन रुपये उरलेली पट्टी साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्या पट्टीत धर्मादा नव्हता, पण कपातींच्या रकान्यांनी शेतकऱ्याचं काय होतं हे त्यावरून कळतं. जमलेली रक्कम ‘श्री धर्मादा खाते’ अशा पानावर जमा होई. तिच्यातून पांजरपोळाला चारा, पाणपोई, धर्मशाळेची खोली, पाठशाळेला मदत. खोलीच्या दारावर नाव लागे ते पेढीच्या मालकाचं.

पैसा मात्र त्याचा नव्हता. निदान त्याच्या एकट्याचा तरी नव्हता.

कायद्याने या शब्दाशी शंभराहून जास्त वर्षं झटापट केली. १८९९ मध्ये मुंबई इलाख्यातला एक मृत्युपत्राचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मयताने मालमत्ता ‘धर्मा’साठी ठेवली होती. न्यायाधीशांनी म्हटलं, धर्म हा शब्द इतका ऐसपैस आहे की नक्की कशावर खर्च करायचा हे न्यायालयाला सांगता येणार नाही, सबब ही तजवीज रद्द. इथल्या माणसाला जो शब्द सर्वांत स्वच्छ वाटत होता, तोच संदिग्ध म्हणून बाद झाला. पुढची पन्नास वर्षं वकील मंडळी मृत्युपत्रात ‘धर्म’ लिहू नका, नेमकं काम लिहा, असंच सांगत राहिली. आज ज्याला आपण दानाचं नियोजन म्हणतो त्याचा पहिला धडा या हरलेल्या खटल्याने दिला, असं मला वाटतं.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने, म्हणजे व्यापारी ज्याला अजूनही ‘बीपीटी अ‍ॅक्ट’ म्हणतात त्याने, हा निकाल पुसून टाकला. कलम १० च्या स्पष्टीकरणात चार देशी शब्द नावानिशी बसवले आहेत: धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान. अशा हेतूंसाठी केलेली व्यवस्था केवळ हेतू अनिश्चित म्हणून रद्द होणार नाही. त्याच कायद्याचं कलम ५४ खास धर्मादासाठी आहे. व्यापाराच्या रूढीप्रमाणे कोणत्याही नावाने अशी रक्कम घेतली, की घेणारा तिचा मालक राहत नाही, विश्वस्त होतो. वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत त्याने धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यायचा. वाचायला सुरेख कलम आहे. पेठेतल्या किती दुकानांनी असा हिशेब नेमाने दिला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मग आयकर खात्याने विचारलं, ही रक्कम तुमच्या विक्रीतच आली ना, मग उत्पन्न का नाही? हाथरसच्या एका सूतगिरणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निकाल लागला की धर्मादा हे व्यापाऱ्याचं उत्पन्न नाही. तो दानासाठी बांधलेला पैसा हातात घेतो इतकंच. सूतवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे एक्साइज खातं आलं. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाने मोजलेली किंमत धर्मादासकटच, तेव्हा त्यावरही शुल्क भरा. यावर आधी खात्याच्या बाजूने निकाल लागले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका उत्पादकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि धर्मादा मालाच्या किमतीत धरायचा नाही असं सांगितलं. तोवर बहुतेक मालावरची एक्साइज जाऊन जीएसटीला दोन वर्षं होत आली होती. शब्दाला न्याय मिळाला, पण बिलातला रकाना जवळपास गेलेला होता. शेतकऱ्याच्या पट्टीतला धर्मादा त्याच्या कितीतरी आधी, १९३९ आणि १९६३ च्या बाजार कायद्यांनी मनमानी कपातींना आळा घातला तेव्हाच, निदान कागदावर आटला.

या सगळ्या निकालांत एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. पैसा व्यापाऱ्याचा नाही हे ठरलं. पण ज्याचा होता त्या गिऱ्हाइकाला किंवा शेतकऱ्याला तो कुठे जावा हे सांगायचा हक्क होता का? स्थानिक प्रतिष्ठानाच्या कल्पनेचं वेगळेपण इथेच आहे. गोळा करणारा आणि देणारा हे दोघे तिथे वेगळे ओळखले जातात आणि देणाऱ्याचं म्हणणं लिहून घेतलं जातं.

१९५० नंतरचा काळ ट्रस्टांचा. नोंदणी सोपी, चालवणं अवघड. पहिल्या पिढीतला उत्साह ओसरतो, एखादा विश्वस्त वारतो, दुसरा मुलाकडे पुण्याला जातो. विश्वस्त बदलल्याचा अर्ज करायचा राहतो किंवा केलेला रेंगाळतो, आणि बँकेत सह्यांवरून खातं अडतं. जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी. दरवर्षी ऑडिट. चार-पाच लाखांच्या निधीसाठी एवढा संसार मांडायचा का, असा हिशेब कुणी आधी करत नाही. मी तरी लहान ट्रस्ट काढायला निघालेल्या माणसाला आधी दहा वर्षांनी सही कोण करणार ते विचारतो.

बक्षिसांच्या ठेवींची कहाणी त्याहून साधी आणि त्याहून करुण. समजा १९९५ मध्ये शाळेत पाच हजारांची कायम ठेव ठेवली, दहावीत गणितात पहिल्या येणाऱ्याला व्याजातून बक्षीस. तेव्हाच्या दहा-बारा टक्क्यांनी वर्षाला पाचसहाशे रुपये मिळत. त्या काळी चांगलं घड्याळ येई. आज साडेसहा टक्क्यांनी सव्वातीनशे. त्यात प्रशस्तिपत्राची चौकट बसते. शाळेला मुद्दल मोडता येत नाही, बक्षीस बंद करता येत नाही, आणि दात्याची मुलं कार्यक्रमाला येऊन नाराज होऊन जातात. अशा पन्नास ठेवी एका शाळेत असतील तर पन्नास पावत्या, पन्नास नूतनीकरणं. एकत्र करून एक निधी केला तर काम होईल, पण परवानगी द्यायला दाते हयात नसतात.

नेमक्या याच अडचणीतून १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला पहिलं स्थानिक प्रतिष्ठान निघालं. काढणारा बँकर होता आणि वकीलही. त्याच्या तिजोरीत मेलेल्या माणसांचे पैसे मेलेल्या हेतूंना बांधून पडले होते. तेव्हा सर्रास दिलं जाणारं उदाहरण सेंट लुइसचं. १८५१ मध्ये वारलेल्या तिथल्या एका माजी महापौराने पश्चिमेकडे वसायला निघालेल्या गरीब प्रवाशांसाठी निधी ठेवला होता. रेल्वे झाली, प्रवासी थांबेनासे झाले, पैसे साचत गेले. बैलगाडीवाल्यांसाठी बांधलेला हौद आणि मागे उरलेलं उत्पन्न डोळ्यांसमोर आणा, की प्रकार तोच. क्लीव्हलंडच्या बँकरने तोड काढली ती अशी: हेतू कालबाह्य झाला तर स्थानिक मंडळाने तो बदलावा, आणि ही अट देणगीच्या कागदातच आधी लिहावी.

आपल्याकडे हा अधिकार इतका मोकळा नाही. १९५० च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मूळ हेतू साधणं अशक्य किंवा गैरसोयीचं झालं तर न्यायालयाकडे जाता येतं. पण १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्यातल्या काही तरतुदी धार्मिक संस्थांपुरत्या रद्द केल्या. देवाच्या कामासाठी दिलेला पैसा, ते काम होण्यासारखं असताना, सरकारी अधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने दुसरीकडे वळवायचा नाही. निकाल योग्यच होता. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की हेतू बदलायची मुभा हवी असेल तर ती देतानाच लिहून ठेवायची. नंतर कुणी देईल या भरवशावर राहायचं नाही.

मुंबईत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला असा स्थानिक निधी उभा राहिला. सोलापूरने त्याच सुमारास वेगळाच धडा घेतला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि जखमींना घेऊन गाड्या इथल्या दवाखान्यांकडे येऊ लागल्या. शहराने हात आखडला नाही. पण जुन्या कपड्यांची गाठोडी गरजेपेक्षा कितीतरी जास्त, आणि दोन वर्षांनी लागणाऱ्या कृत्रिम पायांसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी पैसा राखून ठेवणारं कुणी नाही. उत्स्फूर्त दानाला दुसरं वर्ष नसतं.

२०१४ पासून कंपन्यांवर सीएसआरची, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्चायची, सक्ती आली: पाच कोटींचा नफा, किंवा हजार कोटींची उलाढाल, किंवा पाचशे कोटींची नक्त मालमत्ता असेल तर सरासरी नफ्याच्या दोन टक्के, तेही शक्यतो आसपासच्या भागात. चादरी-टॉवेलचे कारखाने आणि विडीचे कारखाने असलेल्या गावात या मापात बसणारे थोडेच. म्हणून इथला निधी उभा राहायचा तर तो घराघरांतूनच, आणि पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या सोलापूरकरांकडून.

त्यांचा पहिला प्रश्न आयकराचा असतो. रोख देणगीला २०१७ पासून २००० रुपयांपर्यंतच सवलत. वस्तूरूपाने दिलं तर शून्य. नव्या करप्रणालीत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, देणगीवरची ही सवलत, म्हणजे ८०जीची वजावटच, नाही. त्यामुळे सवलतीसाठी मार्चअखेर देणारे विरळ होतील, असा माझा होरा आहे.

प्रतिष्ठानाला जास्त बोचला तो २०२३ चाच दुसरा बदल. एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला देणगी दिली तर करसवलतीच्या हिशेबात तिचा ८५ टक्के भागच खर्ची धरायचा. म्हणजे दात्याने दिलेला एक लाख प्रतिष्ठानाने अनाथाश्रमाला पुरताच्या पुरता पोचवला, तरी कागदावर ८५ हजार. साखळीतला प्रत्येक ट्रस्ट १५ टक्के मागे ठेवतो, हा गैरप्रकार थांबवायचा होता, हे सरकारचं म्हणणं खोटं नाही. पण फटका बसला तो वाटप हेच काम असलेल्यांना. मार्च २०२४ च्या परिपत्रकाने एवढा दिलासा दिला की रक्कम खरोखरच दिली असेल तर उरलेले १५ टक्के वेगळे गुंतवून दाखवायची गरज नाही.

आणि धर्मादाच्या रकान्यात जो कधी नावानिशी आला नाही तो दाता आता फॉर्म १०बीडीत येतो. २०२१-२२ पासून संस्थेने दरवर्षी ३१ मेपर्यंत प्रत्येक दात्याचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार आणि रक्कम कळवायची. त्याशिवाय दात्याला १०बीई प्रमाणपत्र मिळत नाही. निनावी देणग्यांवर तीस टक्के कर २००६ च्या वित्त कायद्यानेच आणला, ठराविक मर्यादेपर्यंतची सूट नंतर आली. निव्वळ धार्मिक संस्थेची दानपेटी त्यातून सुटली आहे. गुप्तदान करायचं असेल तर सोलापूरकर अजून गड्ड्यावर, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, जाऊन पेटीतच टाकतात.