एकच चेंडू, दोन विषय: ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स

नववीतल्या दोघांनी एकाच आठवड्यात मला आपापलं काम आणून दाखवलं. दोघांच्याही कामात एक चेंडू होता. मुलीने वहीच्या कोपऱ्यात पानागणिक चेंडू काढला होता. अंगठ्याने पानं भराभर सोडली की तो खाली आपटून उसळायचा. मुलाने वर्गातल्या रिकाम्या बाकाचं मोबाइलवर शूटिंग केलं होतं आणि कॉम्प्युटरवर तयार केलेला लाल चेंडू त्या बाकावर ठेवला होता. तो जागचा हलतही नव्हता. तो खरोखर तिथेच ठेवलेला वाटावा, एवढ्यासाठी त्याची सगळी खटपट होती. दोघंही म्हणाली, "आम्हाला ॲनिमेशन करायचंय." मुलीचं बरोबर होतं. मुलगा करत होता ते व्हीएफएक्स, म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्स.

हा घोटाळा मुलांपुरता नाही. पालक दोन्ही नावं एकाच दमात घेतात, अभ्यासक्रमांच्या नावातही ती जोडीनेच येतात, आणि दोन्हींचं काम पुष्कळदा एकाच सॉफ्टवेअरमध्ये चालतं. पण रोजचं काम वेगळं, लागणारी नजर वेगळी आणि थकण्याची तऱ्हाही वेगळी. चित्रं काढण्याचं वेड असलेला एक मुलगा मी पाहिलाय. तो सहा महिने शूट केलेल्या दृश्यातल्या माणसांच्या केसांच्या कडा कापत बसला आणि शेवटी "हे क्षेत्र माझं नाही" म्हणून सोडून गेला. क्षेत्र त्याचंच होतं, तो फक्त शेजारच्या खोलीत जाऊन बसला होता. म्हणून हा फरक शाळेतच कळावा असं मला फार वाटतं.

फरक थोडक्यात असा. ॲनिमेशनमध्ये हालचाल मुळात नसतेच. करणाऱ्याला ती एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, करून घडवावी लागते. व्हीएफएक्समध्ये बहुतेक वेळा कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य आधीच हातात असतं. त्यात नव्हतं ते घालायचं, नको ते काढायचं, आणि जोड कुठेही दिसू द्यायचा नाही.

ॲनिमेशन नेमकं कशाला म्हणायचं, हे दादासाहेब फाळक्यांच्या दोन प्रयोगांत छान दिसतं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्याच्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपली होती. पडद्यावर ते रोप बघता बघता वर येतं. त्यांनीच 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपटही केला, त्यात काड्या आपल्या आपण हलतात. दोन्हीकडे कॅमेरा एका वेळी एकच फ्रेम घेत होता. पण रोपाची वाढ रोपाची स्वतःची होती, फाळक्यांनी फक्त वेळ आवळला. काड्या मात्र दोन फ्रेमच्या मधे कोणीतरी बोटांनी सरकवत होतं. काड्यांचं ते ॲनिमेशन, रोपाचं नव्हे. एखादं दृश्य कशात मोडतं असा प्रश्न पडला की मी मुलांना एवढंच विचारायला सांगते: यातली हालचाल कोणी केली?

आता मुलीच्या चेंडूकडे येते. तिचा चेंडू खाली यायचा, पण दोरीला बांधून सावकाश सोडल्यासारखा. वही उघडून पाहिली तर प्रत्येक पानावर चेंडू सारख्याच अंतराने खाली सरकवलेला. खरा चेंडू असा पडत नाही. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात; हाताने काढताना पुष्कळदा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. हातातून सुटलेला चेंडू पहिल्या चित्रात सुमारे ३.४ सेंटिमीटर खाली आलेला असतो, दुसऱ्यात १३.६, तिसऱ्यात ३०.६, चौथ्यात ५४.४. मधली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढत जातात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं, पाठ करून विसरलेलं सूत्र तिला वहीच्या कोपऱ्यात भेटलं. तिने वर चेंडू दाटीवाटीने काढले, खाली जमिनीजवळ लांब लांब, आणि पानं सोडल्याबरोबर त्या वर्तुळाला वजन आलं.

वजन आलं की स्वभावही आणता येतो. जमिनीला टेकण्याच्या एकाच चित्रात चेंडू चपटा केला तर तो रबरी वाटतो, अजिबात न करता कमी उसळू दिला तर लोखंडी. चपटा करताना तो तेवढाच रुंद करावा लागतो, नाहीतर त्यातली हवा गेल्यासारखी वाटते. डिस्नेतले ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अशी १२ तत्त्वं पुस्तकरूपाने मांडली; दाबणं-ताणणं हे त्यातलं पहिलं. उडी मारण्याआधी थोडं खाली बसणं, म्हणजे पूर्वतयारी, हे दुसरं. मुलीच्या पुढच्या वहीत चेंडू बाकाच्या कडेपर्यंत घरंगळत येतो, थांबतो, किंचित मागे जातो, दबतो आणि मग उडी मारतो. डोळे नाहीत, तोंड नाही, तरी वर्गातली सगळी मुलं म्हणाली, "घाबरला होता." दृश्यातून गोष्ट सांगणं म्हणतात ते इथे सुरू होतं, आणि त्यासाठी तिला एक पेन्सिल पुरली.

मुलाची अडचण अगदी वेगळी होती. त्याच्या चेंडूला सावली होती, तीही खिडकीच्या बरोबर उलट्या बाजूला, तरीही चेंडू बाकापासून दोन बोटं वर तरंगतोय असं वाटायचं. का ते त्याला कळेना. मी त्याला खोडरबर दिलं आणि त्याच बाकावर ठेवून पाहायला सांगितलं. नाक जवळजवळ बाकाला टेकवून तो बराच वेळ पाहत राहिला. खोडरबर बाकाला टेकतं तिथे एक अगदी बारीक, सगळ्यात गडद रेघ असते. तिथून लांब जावं तसतशी सावली फिकी आणि पसरट होत जाते. त्याने सगळी सावली एकाच काळोखाची केली होती. ती बारीक रेघ घातल्यावर चेंडू बाकावर बसला.

मग एकेक गोष्ट त्याची त्यालाच दिसू लागली. चेंडूच्या तळाला बाकाचा तपकिरी रंग हलकासा यायला हवा आणि चेंडूजवळच्या लाकडावर लालसर झाक. मोबाइलच्या शूटिंगमध्ये बारीक दाणे असतात, कॉम्प्युटरचा चेंडू मात्र काचेसारखा स्वच्छ. म्हणून त्यावरही तसेच दाणे घालायचे. दृश्यातला सगळ्यात काळा भाग खरं तर पूर्ण काळा नसतो, मग चेंडूतला काळाही तेवढाच उजळ ठेवायचा. हातात धरलेला कॅमेरा हलतो, म्हणून ट्रॅकिंग करून, म्हणजे कॅमेरा कसा हलला ते फ्रेमगणिक शोधून, चेंडूला त्या हलण्याशी बांधायचं. यात चित्रकला फारशी नाही. यात पाहणं आहे, आणि फोटोग्राफीची ज्याला गोडी आहे त्याला हे काम लळा लावतं.

मागचं दृश्य नंतर बदलता यावं म्हणून माणसामागे हिरवा पडदा लावतात, त्या ग्रीन स्क्रीनवरून मला नेहमी विचारतात, हिरवाच का? माणसाच्या कातडीत हिरवा रंग फारसा नसतो, आणि बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्यांच्या दुप्पट असतात, त्यामुळे कडा स्वच्छ कापल्या जातात. पण पडद्याला चिकटून उभं राहिलं तर तोच हिरवा गालावर आणि केसांवर उतरतो. पडदा आणि माणूस यांत चांगलं अंतर ठेवावं आणि पडद्यावरचा उजेड वेगळा ठेवावा, म्हणजे नंतरचे कित्येक तास वाचतात.

स्पेशल इफेक्ट्स आणि व्हिज्युअल इफेक्ट्स हीसुद्धा एकच गोष्ट नव्हे. शूटिंग चालू असताना सेटवर प्रत्यक्ष घडवतात ते स्पेशल इफेक्ट्स: नळ्यांनी पाडलेला पाऊस, धूर, नकली जखमा, यंत्राने हलणारे प्राणी. दृश्य टिपल्यावर त्यावर करतात ते व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजेच व्हीएफएक्स. शाळेत पहिला प्रकार जरूर करावा, फक्त आग आणि फटाके यांच्या वाटेला अजिबात जाऊ नये. १८९५ साली एडिसनच्या कंपनीसाठी आल्फ्रेड क्लार्कने स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या शिरच्छेदाचं दृश्य घेतलं, तेव्हा कॅमेरा थांबवून नटाच्या जागी बाहुली ठेवली आणि पुन्हा सुरू केला. मोबाइल आणि स्टँड असला की ही युक्ती आजही जमते.

दोन्ही वाटा एकमेकींना कुठे मिळतात, हे १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'मध्ये उत्तम दिसतं. त्यातले काही डायनासोर स्टॅन विन्स्टनच्या चमूने बांधलेली यंत्रं होती आणि काही कॉम्प्युटरवर केलेले. आधी पुतळे एकेक फ्रेम हलवून काम करायचं ठरलं होतं, त्यासाठी फिल टिपेट होता. कॉम्प्युटरचा डायनासोर पाहिल्यावर ती पद्धत मागे पडली, पण टिपेटला ठेवून घेतलं, कारण एवढा अवजड प्राणी पाऊल कसं टाकेल हे त्याला आणि त्याच्या माणसांना ठाऊक होतं. सांध्यांत सेन्सर बसवलेला एक सांगाडाच तयार केला. तो हाताने हलवला की कॉम्प्युटरमधला प्राणी हलायचा. डायनासोर चालवणं हे ॲनिमेशन, तो पावसात भिजलेल्या रस्त्यावर खरोखर उभा आहे असं पटवणं हे व्हीएफएक्स. मोठ्या कामात दोन्ही एकाच शॉटमध्ये असतात, करणारी माणसं मात्र बहुधा वेगळी.

शाळेत शिकताना गोष्ट निवडण्यातही हा फरक लक्षात ठेवावा. ॲनिमेशनमध्ये फुकट काहीच मिळत नाही. मागची भिंतसुद्धा कोणाला तरी काढावी लागते, आणि १० सेकंदांना १२० चित्रं लागतात. म्हणून एकच पात्र घ्यावं, त्याला एकच गोष्ट हवी असावी आणि सगळं अर्ध्या मिनिटात संपावं. व्हीएफएक्समध्ये खोली, उजेड, माणसं आयती मिळतात. तिथे रोजच्या जागेत एकच अशक्य गोष्ट घडू द्यावी: भांड्यातलं पाणी वर चढतंय, सावली माणसाच्या मागे राहतेय. मुलं पहिल्याच फिल्ममध्ये अंतराळयुद्ध करायला बसतात आणि दोन महिन्यांनी कंटाळतात. त्यांची हौस मला कळते, पण मी त्यांना भांड्याकडेच वळवते. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटमागून शॉट चित्रांत मांडलेली गोष्ट, दोन्हीकडे लागतो, आणि आधी कागदावर शॉट लावून पाहिलेली फिल्म नंतर अडत नाही.

साधनांची काळजी फार करू नये. हाताने काढलेल्या ॲनिमेशनसाठी कृता किंवा पेन्सिल२डी, थ्रीडीसाठी ब्लेंडर, कॉम्पोझिटिंगसाठी, म्हणजे वेगवेगळी दृश्यं एकात बेमालूम जोडण्यासाठी, डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतलं फ्यूजन. हे सगळं पैसे न मोजता मिळतं. २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा 'फ्लो' ब्लेंडरमध्येच झाला. पुढच्या प्रवेशासाठी काम जपून ठेवताना ॲनिमेशनवाल्यांनी कच्च्या पेन्सिल-चाचण्या फेकू नयेत, आणि व्हीएफएक्सवाल्यांनी मूळ शूटिंग तयार शॉटच्या शेजारी ठेवावं. आधी काय होतं ते दिसलं नाही तर नंतर काय केलं ते कळतच नाही.

ती दोघं आता मिळून एक शॉट करताहेत. तोच बाक, आणि कडेशी येऊन थबकणारा तोच चेंडू. थबकणं तिचं, बाकावरची सावली त्याची. सध्या काम अडलंय ते उसळण्यापाशी. चेंडू वर गेला की सावली फिकी आणि पसरट व्हायला हवी, बाजूला सरकायलाही हवी, पण चित्रावरून चेंडू बाकापासून किती वर आहे ते त्याला कळेना. कालपासून ती प्रत्येक चित्राच्या समासात पेन्सिलीने उंची लिहून देतेय: ०, ७, १२, १५.