६६ए गेलं, त्याची जागा रिकामीच

सायबर बुलिंगसाठी वेगळा कायदा हवा म्हटलं की कोणीतरी विचारतंच, अहो आयटी ॲक्ट, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, आहे ना. आहे की, २००० पासून आहे. पण तो मुळात आणला ई-कॉमर्स आणि डिजिटल सहीसाठी, कोणी कोणाच्या हात धुवून मागे लागेल हे तेव्हा डोक्यातच नव्हतं. अश्लील मजकुराचं कलम ६७ तेवढं होतं, त्याखाली २००४ मध्ये चेन्नईत एकाला शिक्षा झाली, घटस्फोटित बाईबद्दल याहूच्या ग्रुपवर घाण मेसेज टाकले होते त्याने, आणि निकाल सात-एक महिन्यांत लागला! म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

मग २००८ ची दुरुस्ती. २६/११ नंतरचा डिसेंबर, सभागृहात गोंधळ, चर्चा न होताच बिल पास, आणि त्यातून आयटी ॲक्टमध्ये आलं कलम ६६ए. आक्षेपार्ह, त्रास, गैरसोय, अपमान, सगळं एकाच टोपलीत आणि तीन वर्षांपर्यंत कैद. भाषेचं मूळ शोधत गेलं तर १९३५ च्या ब्रिटिश पोस्ट ऑफिस कायद्यापर्यंत जातं, तिथे ते फोनवरच्या घाणेरड्या बोलण्यासाठी होतं.

हे कलम कोणावर लागलं? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद. पालघरच्या एका मुलीने बंद कशाला अशी फेसबुक पोस्ट टाकली, मैत्रिणीने ती नुसती लाईक केली, तर दोघींना अटक, वर एकीच्या काकांचं हॉस्पिटल फोडलं ते वेगळंच. म्हणजे झुंडीने घेरलं मुलींना आणि गुन्हा पण मुलींवरच. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका टाकली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने कलम रद्द केलं. बरोबरच केलं, माझं मत. पण त्याच्या जागी नेमकं, नीट व्याख्या असलेलं काही आणायला हवं होतं ते आजपर्यंत आलेलं नाही.

बायकांसाठी थोडं झालं. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४ड आलं, ऑनलाईन पाठलाग त्यात धरला, आता ते दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. पण समजा कॉलेजच्या मुलाच्या फोटोचे स्टिकर करून ग्रुपवर फिरवतायत, तो एक्झिट झाला की परत ॲड करतायत, अश्लील काही नाही, धमकी नाही, तर लावणार कुठलं कलम? बहुतेक वेळा पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतात आणि नंबर ब्लॉक कर सांगून घरी पाठवतात.

केरळने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या पोलीस कायद्यात कलम ११८ए घालणारा अध्यादेश काढला, भाषा परत तशीच मोघम, ओरड झाली आणि काही दिवसांत गुंडाळला. आपल्याकडे शक्ती विधेयकात बायकांच्या ऑनलाईन छळाचं कलम होतं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत पास झालं, राष्ट्रपतींकडे जाऊन तिथेच अडकलं.

गंमत म्हणजे नमुना घरातच आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, व्हॉट्सॲपच्या दहा वर्षं आधीचा, त्यात मानसिक त्रास, चिडवणं, शिवीगाळ सगळं धरलंय, दोन वर्षांपर्यंत कैद आणि तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. पण तो विद्यार्थ्यांपुरता, ऑफिसच्या नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर हेच चाललं असेल तर त्याचा काही उपयोग नाही.