साडेसोळा फुटांची वाट

पाणंदीवरून भांडण पेटलं की गावातला कुणीतरी भूमी अभिलेख कार्यालयात जातो आणि गावनकाशाची नक्कल काढून आणतो. बांधाबांधांमधून दोन समांतर तुटक रेघा गेलेल्या दिसल्या तर ती गाडीवाट, एकच तुटक रेघ असली तर पायवाट. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीवाटेची निदान साडेसोळा, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा सलग दुहेरी रेघांचा रस्ता तेहतीस फुटांपर्यंत.

हे अडनिडे आकडे मोजणीच्या साखळीतून आले. १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी महसुली मोजणी बसवली, तीच पद्धत पुढे नाशिकसह दख्खनभर लागू झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीचे चार आणे पायवाटेला, आठ आणे गाडीवाटेला. आज त्याच आठ आण्यांतून द्राक्षांचा ट्रक काढायचा असतो, मग भांडण होणारच.

सरकारला शेतसारा हवा होता, म्हणून गावनकाशात शेताचा प्रत्येक कोपरा आहे. गावठाण मात्र बहुतेक वेळा नुसता एक कोरा ठिपका, कारण घरांवर शेतसारा नव्हता. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या एक इंच म्हणजे एक मैल प्रमाणाच्या नकाशांचं उलटं. त्यांत टेकड्या, देवळं, विहिरी, उजाड गावं, आठवडे बाजाराचा वारसुद्धा सापडतो, पण शेताचा बांध एकही नाही. म्हणून जुनं गाव शोधायचं तर दोन्ही नकाशे समोर हवेत. एकट्या कुठल्याही नकाशावर माझा विश्वास नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणचंच बघा. मोसम आणि आरम या नद्यांवर फड पद्धत नांदली. नदीला दगडी बंधारा घालायचा, पाणी काठावरच्या पाटात वळवायचं, आणि पाट व नदी यांच्यामधली जमीन तीन-चार फडांत वाटून एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी वाटायला पाटकरी. पाट उताराला जवळजवळ आडवा, अगदी थोडा ढाळ ठेवून काढलेला असतो. नाहीतर पाणी धावेल आणि काठ तुटेल. म्हणून एक इंची नकाशावर तो समोच्च रेषेच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेच्या, सोबतीने वळत जातो. आता गावनकाशा शेजारी ठेवा. पाटाच्या खालच्या अंगाला, नदीकडे, बागायती पट्टा. वरच्या अंगाला जिरायत. पाट बुजून तिथे रस्ता झाला, तरी सर्व्हे नंबरांच्या, म्हणजे मोजणीत शेतांना दिलेल्या क्रमांकांच्या, हद्दी अजून त्याच वळणाने जातात. घरं पडतात, पिकं बदलतात, बांध मात्र सहसा हलत नाही. हलवला तर भाऊबंदकी उभी राहते!

दोन नकाशे संगणकावर एकमेकांवर बसवायचं काम क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर करतं. जुन्या नकाशावर आणि आजच्या उपग्रहचित्रावर न हललेले बिंदू जोडून द्यावे लागतात: जुनं देऊळ, बांधीव विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. नदीचं वळण घेऊ नका, पुरात ते सरकतं. बिंदू कागदभर पसरलेले हवेत. सगळे गावठाणात घेतले तर शिवेकडचा भाग तिरपा जातो. नकाशावरचे अक्षांश-रेखांश टाकले की झालं, असंही नाही. जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीचा आकार गणितात बसवणाऱ्या एका जुन्या मापावर, बेतलेले, मोबाइलमधलं जीपीएस वेगळ्या गोलाभावर. तेवढ्यानेच नाशिक परिसरात शंभरेक मीटरचा फरक पडतो, म्हणजे विहीर शेजाऱ्याच्या वावरात. त्यात नाशिक शहर जवळजवळ २० अंश अक्षांशावर, सर्वेक्षण विभागाच्या ४६ एच आणि ४७ ई या नकाशा-पत्रकांच्या शिवणीवर. आजूबाजूच्या गावाचा अर्धा शिवार एका कागदावर, अर्धा दुसऱ्यावर, ही आमच्याकडची नेहमीची कटकट.

सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, तो वाचायला विसरू नका. गावठाणापासून लांबच्या शेताचं नाव पांढरी असेल तर तिथे जाऊन माती पाहावी. बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीत राखाडी-पांढरट, भुसभुशीत माती आणि खापऱ्या दिसल्या, तर तिथे बहुधा कधीकाळी वस्ती होती: चुलींची राख, पडलेल्या मातीच्या भिंती, शेण, हाडं. अशा मातीत फॉस्फेटचं प्रमाण आजूबाजूपेक्षा जास्त निघतं आणि ते शतकानुशतकं टिकतं. नाशिकमधल्या मातीच्या गढीत १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं, तेही असंच थरांवर थर साचलेलं टेकाड.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन जुन्या नकाशावर शोधलंत तर भलत्याच वावरात पोहोचाल. आधी एकत्रीकरणाच्या ९(३)-९(४) उताऱ्यावरून जुना नंबर काढा, मगच नकाशा उघडा.